कूपर ब्लॅक: हे जाडजूड, मऊ अक्षर कुठे शोभतं, कुठे नाही

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही घरगुती लोणची, मेतकूट आणि चटण्या करून विकतो. बरणीच्या लेबलवर जुन्या काळचं वाटेल असं अक्षर हवं होतं. डिझाइन करणाऱ्या मुलाने इंग्रजी नाव कूपर ब्लॅकमध्ये केलं. ते एकटं छान दिसतं, पण खाली मराठी नाव आलं की दोन्ही एका घरची वाटत नाहीत. हे अक्षर नेमकं कसलं आहे, कुठे वापरावं आणि त्याच्या जोडीला मराठीत काय घ्यावं?’

मी १९८६ पासून अक्षरांच्या कामात आहे. पहिली दोन वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे (एकेका अक्षराचे ठसे) जुळवले, मग स्टुडिओ, मग संगणक. कूपर ब्लॅक मला पहिल्यांदा भेटलं ते लेट्रासेटच्या पानावर. पारदर्शक कागदावरचं अक्षर बोथट पेन्सिलीने घासून आर्टवर्कवर उतरवायचं, अशी ती पद्धत. त्या पानावरचे ‘ई’ आणि ‘ए’ सगळ्यात आधी संपायचे आणि उरलेल्या अक्षरांतून शब्द जमवावा लागायचा. तेव्हापासून या अक्षराशी माझी ओळख आहे आणि ते मला मनापासून आवडतं. म्हणूनच ते चुकीच्या जागी बसवलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नातल्या ‘जुन्या काळचं’ या शब्दापासून सुरुवात करतो, कारण गाठ तिथेच आहे. कुणाचा जुना काळ? कूपर ब्लॅकला स्वतःचा जुना काळ आहे, पण तो शिकागोचा आहे.

ऑस्वाल्ड ब्रूस कूपर हा त्याचा कर्ता. जन्म १८७९ चा, ओहायो राज्यातला. बालपण कॅन्सासमध्ये गेलं आणि चित्रं काढायला शिकायचं म्हणून तो शिकागोला आला. तिथल्या फ्रँक होम यांच्या शाळेत त्याला अक्षरलेखनाचे शिक्षक मिळाले ते फ्रेडरिक गाउडी. गाउडी पुढे अमेरिकेतले सगळ्यात नावाजलेले अक्षररचनाकार झाले. चित्रकार व्हायला आलेला कूपर अक्षरांत रमला. १९०४ मध्ये त्याने फ्रेड बर्टश यांच्याबरोबर बर्टश अँड कूपर ही संस्था काढली आणि जाहिरातींसाठी हाताने अक्षरं काढायला सुरुवात केली. पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातींत त्याने काढलेली अक्षरं इतकी गाजली की अमेरिकन टाइप फाउंडर्सने १९१३ मध्ये त्यांवरून ‘पॅकार्ड’ नावाचा टाइपच ओतला. मग शिकागोच्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेसाठी त्याने आधी कूपर ओल्डस्टाइल केला आणि १९२२ मध्ये त्याचा हा जाड भाऊ, कूपर ब्लॅक, बाजारात आला.

हा क्रम मुद्दाम सांगितला. हे अक्षर पुस्तकाच्या पानातून आलेलं नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत, शेजारच्या दहा जाहिरातींच्या गर्दीत, एक शब्द आधी दिसावा म्हणून ते जन्मलं. ‘ऱ्हस्वदृष्टीची गिऱ्हाइकं असलेल्या दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी’ अशा अर्थाची त्याची इंग्रजीतली ओळख प्रसिद्ध आहे, आणि त्यात त्याचं सगळं काम येतं: लांबून, पटकन, न चुकता दिसणं. जुन्या वळणाच्या मुद्रकांना ते रुचलं नाही, त्यांनी त्याला ‘काळं संकट’ म्हटलं. गिऱ्हाइकांनी मात्र उचलून धरलं. खप एवढा की १९२५ मध्ये लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने खुद्द गाउडींकडून त्याच धर्तीचा ‘गाउडी हेवीफेस’ करून घेतला. शिष्याच्या अक्षराला टक्कर द्यायला गुरूला बसवलं गेलं. तरी टिकलं ते शिष्याचंच.

कूपर १९४० मध्ये गेला. त्याच्या अक्षराचा दुसरा जन्म १९६० नंतरचा. शिशाचे खिळे जाऊन फोटोटाइपसेटिंग आलं, लेट्रासेट आलं, आणि अक्षरं एकमेकांना हवी तेवढी जवळ आणता येऊ लागली. बीच बॉईजच्या १९६६ सालच्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर कूपर ब्लॅक असं खेटून बसलेलं दिसतं. सत्तरच्या दशकात ते अमेरिकेतल्या टी-शर्टांवर, दुकानांवर, खेळण्यांच्या खोक्यांवर गेलं. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईझीजेट या ब्रिटिश विमान कंपनीनं नारिंगी रंगाबरोबर तेच नावासाठी घेतलं. स्वस्त विमानप्रवासाची धास्ती वाटू नये, तो आपलासा वाटावा, यासाठी ते अक्षर किती अचूक बसतं पाहा.

म्हणजे अमेरिकन माणूस कूपर ब्लॅक पाहतो तेव्हा त्याला १९२० च्या जाहिराती किंवा १९७० ची गाणी आठवतात. तुमच्या लोणच्याचं गिऱ्हाईक कूपर ब्लॅक पाहतं तेव्हा त्याला यातलं काही आठवत नाही. त्याला दिसतं एक जाड, गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याचं इंग्रजी अक्षर. ते त्याला प्रेमळ वाटतं, खाऊचं वाटतं, जुनं वाटतंच असं नाही. इतक्या वर्षांच्या कामातून माझं मत पक्कं झालं आहे: आपल्याकडे कूपर ब्लॅक जिव्हाळा आणतं. जुनेपणा आणायचा असेल तर तो देवनागरीनेच आणावा लागतो. तुमच्या लेबलची सगळी दुरुस्ती या एका वाक्यातून निघते.

आता अक्षराकडे जवळून बघा. इंग्रजी नावाचा मोठा प्रिंट काढा, एकेक अक्षर तळहाताएवढं येईल इतका मोठा. सेरिफ म्हणजे अक्षराच्या दांड्यांच्या टोकांना येणारी पायरी. टाइम्स रोमनमध्ये ती पायरी बारीक आणि धारदार असते. इथे ती फुगलेली आहे, ओल्या मातीचा गोळा अंगठ्याने दाबल्यासारखी. संपूर्ण अक्षरात एकही टोकदार कोपरा सापडणार नाही. पायाची कडही सपाट नाही, ती खाली किंचित फुगते, त्यामुळे अक्षरं रेघेवर उभी न वाटता उशीवर बसल्यासारखी वाटतात. म्हणून या अक्षराखाली बारीक, ताठ रेघ मारली की ती खुपते. तुमच्या लेबलवर नावाखाली सोनेरी रेघ आहे, ती आधी काढा.

दुसरी गोष्ट, ‘ओ’ या अक्षराच्या पोटातली पांढरी जागा सरळ उभी नाही, डावीकडे झुकलेली आहे. रुंद टोकाची लेखणी तिरकी धरून लिहिलं की असं होतं. म्हणजे एवढं जाड असूनही त्यात हाताचं वळण शिल्लक आहे. कूपर ब्लॅकची नक्कल करणाऱ्या बऱ्याच फाँटांत हा तिरकेपणा हरवलेला असतो, आणि मग ते नुसतं फुगवलेलं अक्षर होतं. तिसरी गोष्ट, लहान लिपीतली अक्षरं मोठी आहेत आणि त्यांच्या वर-खाली जाणाऱ्या शेपट्या आखूड. त्यामुळे शब्द एक घट्ट ठोकळा बनतो. जाहिरातीत कमी उंचीत जास्तीत जास्त काळेपणा बसवायचा होता, त्याचा हा परिणाम. लेबलवर हा गुण फार उपयोगी आहे, कारण वरची ओळ आणि खालची ओळ जवळ आणता येतात.

चौथी गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो: पोटातली पांढरी जागा. जाड अक्षरात वाचक काळं वाचत नाही, उरलेलं पांढरं वाचतो. कूपर ब्लॅकच्या ‘ए’ आणि ‘ई’ च्या लहान रूपांत ही जागा अगदी छोटी आहे, एखाद्या तिळाएवढी. मोठ्या आकारात ती डोळ्यासारखी चमकते. लहान आकारात ती बुजते.

याचा धडा मला एका बेकरीच्या खोक्याने दिला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पन्हाळीदार पुठ्ठ्याच्या खोक्यावर नाव मोठं होतं, ते ठीक आलं. पण खाली पत्त्याची ओळही मी कूपर ब्लॅकमध्येच ठेवली होती, बारा पॉइंटात (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप). पुठ्ठ्याची छपाई रबरी प्लेटवरून होते, शाई दाबाने बाहेर पसरते आणि पुठ्ठा ती पितो. हजारो खोके आले तेव्हा पत्त्यातल्या प्रत्येक ‘ए’ आणि ‘ई’ चं पोट भरलेलं होतं. ओळ वाचता येत नव्हती. बेकरीवाल्यांनी खोके वापरले, पण प्रत्येकावर पत्त्याचा शिक्का हाताने मारला. त्या दिवसापासून माझा नियम आहे: चांगल्या कागदावर ऑफसेटला कूपर ब्लॅक अठरा पॉइंटांच्या खाली नाही, आणि पुठ्ठा, कापड, क्राफ्ट कागद असेल तर तीसच्या खाली नाही. हे आकडे कुठल्या पुस्तकातले नाहीत, हाताखालून गेलेल्या कामाचे आहेत.

उलट, गडद रंगावर पांढरं अक्षर सोडायचं असेल तर कूपर ब्लॅकसारखा भरवशाचा गडी नाही. तिथे शाई बाहेरून अक्षरावर चढते, अक्षर बारीक होतं आणि पोटातला रंगाचा ठिपका मात्र वाढतो. बारीक सेरिफची अक्षरं या चढाईत मोडतात. कूपर ब्लॅककडे गमवायला भरपूर अंग आहे. तुमच्या लेबलचा रंग तिखटाचा लाल आहे, त्यावर हे नाव पांढऱ्यात किंवा फिकट मलईत सोडलं तर आत्तापेक्षा बरं दिसेल, आणि छापायलाही सोपं.

अंतराचं बोलू. या अक्षरांना जवळ बसायला आवडतं. संगणकाने दिलेलं अंतर मोठ्या आकारात सैल वाटतं, ते थोडं कमी करा. अक्षरं एकमेकांना जेमतेम शिवतील इथवर गेलात तरी चालतं, पण मग सगळीकडे सारखं शिवू द्या. एक जोडी खेटलेली आणि दुसरी सुटलेली, हे सगळ्यात वाईट. आणि सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहू नका. कूपर ब्लॅकचा गोडवा त्याच्या लहान लिपीत आहे. सगळं मोठ्या लिपीत केलं की ते गोणपाटावरच्या शिक्क्यासारखं होतं.

एक विनंती आणखी. त्यावर बाहेरून पांढरी कड, तिला काळी सावली, आत सोनेरी उतार, वर घासल्याचे ओरखडे, असं काही करू नका. अक्षर आधीच अलंकार घालून आलेलं आहे. ओरखड्यांनी जुनेपणा येत नाही, छपाई बिघडल्यासारखी दिसते. सजावट हवीच असेल तर एक जुनी रीत आहे. कूपरने स्वतः १९२५ मध्ये ‘कूपर हायलाइट’ म्हणून एक रूप केलं होतं, त्यात जाड दांड्यांच्या आत एक पांढरी रेघ जाते, उजेड पडल्यासारखी. दुकानाच्या मोठ्या पाटीवर ते फार सुंदर दिसतं. बरणीवर नको.

कुठे शोभतं? खाण्याच्या वस्तू, बेकरी, आइस्क्रीम, मुलांची पुस्तकं, खेळणी, लहान कॅफे, गाण्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर. एक ते तीन शब्द, त्याहून जास्त नाही. कुठे नाही? दवाखाना, वकील, सोनार, निमंत्रणपत्रिकेचा मजकूर, शोकसंदेश. लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं कूपर ब्लॅकमध्ये पाहिली आहेत, वाढदिवसाचं आमंत्रण वाटतं ते. आणि परिच्छेद तर कधीच नाही. तुमच्या लेबलवर मागच्या बाजूला ‘आमची गोष्ट’ म्हणून आठ ओळी याच अक्षरात आहेत. त्या कुणी वाचलेल्या नसतील.

आता मराठीचा प्रश्न, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

बहुतेक जण इथे पहिली चूक करतात ती अशी की इंग्रजी सेरिफ आहे म्हणून मराठीतही ‘सेरिफवाला’ फाँट शोधायला निघतात. देवनागरीला सेरिफ नाही. आपल्याकडे शिरोरेषा आहे, काना आहे, आणि लेखणीच्या टोकामुळे येणारी जाडी-बारकी आहे. कान्याच्या तळाला रोमनसारखे पाय चिकटवलेले काही फाँट मी पाहिले आहेत, ते आपल्या अक्षराला दुसऱ्याचे बूट घातल्यासारखे दिसतात. जोड जुळवायची ती तीन गोष्टींची: काळेपणा, कडांचा मऊपणा आणि आकाराचं माप.

त्याआधी एक अडचण समजून घ्या, म्हणजे दोन्ही नावं एका घरची का वाटत नाहीत ते कळेल. रोमन लिहिणाऱ्याची लेखणी आणि देवनागरी लिहिणाऱ्याचा बोरू यांचे काप उलट दिशांना असतात. म्हणून रोमन ‘ओ’ वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होतो. आपला ‘ठ’ वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जाड होतो. दोघांची पोटं विरुद्ध बाजूंना झुकतात. एक ओळ डावीकडे कलते, तिच्याखालची उजवीकडे. डोळ्याला कारण कळत नाही, पण कुरबुर जाणवते. यावर दोन उपाय आहेत. एक, मराठीसाठी असा फाँट घ्यायचा ज्यात जाडी-बारकी फार नाही, म्हणजे झुकाव दिसतच नाही. दुसरा, दोन ओळींत पुरेसा आकारभेद ठेवायचा, म्हणजे डोळा त्यांची तुलना करत नाही. तुमच्या लेबलवर दोन्ही नावं सारख्याच उंचीची आहेत आणि मराठी फाँट ठसठशीत बोरूच्या वळणाचा आहे, त्यामुळे भांडण समोरासमोर झालं आहे.

दुसरी अडचण उंचीची. रोमन अक्षर आडवं वाढतं, देवनागरी उभी रचली जाते. शिरोरेषा, तिच्याखाली अक्षर, वर मात्रा आणि रफार, खाली उकार. रेषा जाड करत गेलं की या मजल्यांमधली हवा संपते. ‘ध’, ‘भ’, ‘श’, ‘क्ष’ यांची पोटं आधी भरतात, मग ‘द्ध’ आणि ‘ष्ट’ सारखी जोडाक्षरं गुदमरतात. म्हणून देवनागरीत कूपर ब्लॅकइतका काळेपणा त्याच उंचीत आणता येत नाही. मराठीला जागा जास्त द्यावीच लागते. माझा हिशोब असा: शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची इंग्रजीच्या लहान लिपीतल्या अक्षराहून जास्त आणि मोठ्या लिपीतल्या अक्षराहून थोडी कमी ठेवली, की दोन्ही डोळ्याला सारखी वाटतात. फाँटाचा पॉइंट आकार सारखा ठेवून हे कधीच होत नाही, पट्टीनेच मोजावं लागतं.

आता फाँट. कूपर ब्लॅकच्या स्वभावाला सगळ्यात जवळचा मला वाटतो तो ‘बालू’. मुंबईच्या एक टाइपने केलेला, अनेक भारतीय लिप्यांत एकाच अंगकाठीचा, मोफत आणि खुल्या परवान्याचा. कडा गोल, जाडी-बारकी फार नाही, आणि जाड असूनही वाचायला सोपा. त्याचा सगळ्यात जाड प्रकार घ्या. कूपर ब्लॅकशेजारी तो थोडा आधुनिक वाटेल, पण भांडणार नाही. याहून गुबगुबीत हवं असेल तर त्याच संस्थेचा ‘मोदक’ आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो इतका जाड केला आहे की अक्षरांच्या पोटात केवळ एक फट उरते. नाव दोन-तीन अक्षरांचं असेल आणि आकार मोठा असेल तरच तो घ्या. तुमचं नाव सात अक्षरांचं आहे, त्यात एक जोडाक्षर, तेव्हा मोदक तुमच्यासाठी नाही.

‘रोझा वन’ हे नाव कुणीतरी सुचवेल. इंडियन टाइप फाउंड्रीचा तो फाँट देखणा आहे, जाड दांड्या आणि केसासारख्या बारीक रेषा. त्याचं नातं बोडोनी या जुन्या इटालियन अक्षराच्या वळणाच्या जाड रोमन अक्षरांशी आहे, धार आणि ऐट त्याच्यात आहे. कूपर ब्लॅकचा मऊपणा त्याच्याशेजारी बावळट वाटायला लागतो. सोनाराच्या पेढीला, साडीच्या दुकानाला रोझा द्या, शेजारी इंग्रजीही त्याच फाँटातलं. ‘यात्रा वन’ हा मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला फाँट मला वेगळ्या कारणासाठी आवडतो. त्यातली इंग्रजी अक्षरं देवनागरीच्या लेखणीच्या कोनातून काढलेली आहेत, म्हणजे वर सांगितलेलं भांडण त्यात मुळातच मिटवलं आहे. ज्यांना कूपर ब्लॅकचा हट्ट नाही त्यांनी तो जरूर पाहावा.

तुम्हाला हवा असलेला खरा जुनेपणा मात्र या कशातच नाही. तो आहे खिळ्यांच्या छपाईत. जावजी दादाजी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये सुरू केला. त्यांच्या ओतशाळेतल्या देवनागरी खिळ्यांनी पोथ्या, स्तोत्रं, पुस्तकं छापली गेली, आणि मराठी घरातल्या देव्हाऱ्यापाशी जे अक्षर दिसायचं ते त्या घराण्याचं. आपल्या आजीच्या हातातल्या पोथीचं अक्षर म्हणजे आपला जुना काळ. आज त्या बाजाच्या जवळ जायचं असेल तर फिओना रॉस आणि जॉन हडसन यांच्या टिरो घराण्यातला ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट पाहा. तोही खुला आहे, आणि मराठीसाठी वेगळा काढलेला आहे. तो जाड नाही, एकाच वजनाचा आहे, त्यामुळे मुख्य नावाला पुरणार नाही. पण नावाखालची ‘कोवळ्या कैऱ्यांचं, गूळ घातलेलं’ अशी ओळ त्यात लिहून बघा. सगळ्या लेबलवर त्या एका ओळीने घराचा वास येतो.

‘मराठीसाठी वेगळा’ हे का म्हणालो? तुमच्या नावातल्या आणि मालातल्या अक्षरांकडे बघा: लोणचं, मसाला, शेंगदाणा चटणी. ल आणि श. पुष्कळ देवनागरी फाँटांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात. मराठीचा ल दोन पाकळ्यांसारखा, आणि मराठीच्या श चं वळणही वेगळं. मराठी वर्णमालेबद्दलच्या २००९ सालच्या शासन निर्णयाने या वळणांचा आग्रह धरला आहे, पण नियम बाजूला ठेवला तरी लोणच्याचा पहिलाच ल परका असेल तर घरगुती कसं वाटणार? काही फाँटांत दोन्ही रूपं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. डिझाइन करणाऱ्या मुलाला ही निवड करायला सांगा. नसेलच मिळत, तर नावापुरतं ते अक्षर हाताने दुरुस्त करून घ्यावं. मी नेहमी करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

तशीच दुसरी जागा ‘कैऱ्या’ मधला अर्धा र. त्याची ती बारीक वेलबुट्टीसारखी चंद्रकोर जाड फाँटांत अनेकदा तुटते किंवा साध्या रफारात बदलते आणि ‘कैर्या’ छापलं जातं. जाड फाँट निवडताना मी आधी हा एक शब्द लिहून बघतो. त्यात जो फाँट पास होतो तोच पुढे जातो.

आता तुमचं लेबल मी कसं करेन ते सांगतो. मराठी नाव मोठं, वर, बालूच्या सगळ्यात जाड रूपात, लालावर मलईत सोडलेलं, ल हाताने तपासलेला. शिरोरेषा अखंड राहिली पाहिजे. इंग्रजीसारखं देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, रेषेला फटी पडतात. त्याखाली टिरोमध्ये एक ओळ, पदार्थाचं वर्णन. इंग्रजी नाव कूपर ब्लॅकमध्ये, मराठीच्या निम्म्या उंचीचं, खाली किंवा बाजूला, त्याच मलईत. असं केलं की कूपर ब्लॅक पाहुण्यासारखं आपल्या जागी बसतं, हसतं, आणि घरच्या माणसाला बोलू देतं. मागच्या बाजूचा मजकूर, घटक, वजन, तारीख हे सगळं ‘मुक्ता’ सारख्या साध्या, स्वच्छ फाँटात. आवेष्टित मालावरच्या अक्षरांची आणि आकड्यांची किमान उंची कायद्याने ठरलेली आहे, ती पाकिटाच्या मापानुसार बदलते. छापायच्या आधी तुमच्या मापाला काय लागू आहे ते बघून घ्या.

कूपर ब्लॅक डिझाइन करणाऱ्या मुलाच्या संगणकात मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर आलेलं असण्याची शक्यता आहे. व्यापारी मालावर वापरण्याआधी परवाना वाचून घ्यावा. खुल्या परवान्याचं काही हवं असेल तर ‘फ्रॉन्सेस’ घ्या. फीड्रा चार्ल्स आणि फ्लाव्हिया झिंबार्डी यांनी तो कूपर, विंडसर आणि सुव्हेनिअर या जुन्या मऊ अक्षरांच्या प्रेमातून केला आहे. त्यात मऊपणा कमीजास्त करण्याची सोय आहे, वजन शंभरपासून नऊशेपर्यंत बदलतं, आणि लहान आकारासाठी वेगळी ठेवण आपोआप मिळते. मोठं नाव आणि लहान ओळ दोन्ही एकाच घराण्यात करता येतात, हे कूपर ब्लॅकला जमत नाही. त्याच दोघींचा ‘काप्रासिमो’ हा फ्रॉन्सेसवरूनच काढलेला जाड फाँट कूपर ब्लॅकच्या आणखी जवळ जातो.

छापखान्याला फाइल देताना सगळी अक्षरं कर्व्ह करून द्या, म्हणजे फाँट न लागणारे नुसते आकार करून. मराठीत हे विसरलं की समोरच्या संगणकावर वेलांटी एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी, असा खेळ होतो. कर्व्ह केल्यावर जोडाक्षरं पुन्हा एकदा डोळ्यांनी वाचा, एकट्याने नाही, घरातल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

आणि पडद्यावर बघून होकार देऊ नका. खऱ्या मापाचा प्रिंट काढा, कापून भरलेल्या बरणीला चिकटवा. काच गोल असते, त्यामुळे लेबलच्या दोन्ही कडांची अक्षरं वळून जातात आणि समोरून जेमतेम मधली पाच-सहा दिसतात. ती बरणी तुमच्या ओळखीच्या वाण्याच्या फळीवर, दुसऱ्या बरण्यांमध्ये ठेवा आणि गल्ल्याजवळून बघा. तिथून मराठी नाव वाचता आलं आणि ‘ए’ चं पोट उघडं दिसलं, की छापायला द्या.